शिवूच्या नावाचं झाड

राजेश्वरीच्या पत्राला महेश्वरअण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं आणि ते विसरलेही नव्हते. वाचत असलेल्या पुस्तकात त्यांनी ते खूण म्हणून घातलं होतं. पुस्तक उघडलं की आधी पत्र दिसायचं, आणि पत्र दिसलं की पुस्तक मिटलं जायचं. त्यामुळे उत्तरही होईना आणि पुस्तकही पुढे सरकेना.

राजेश्वरी त्यांची भाची. गेलेल्या बहिणीची एकुलती एक मुलगी, दुधनीला दिलेली. नवरा शिवू घरच्या आडत दुकानात बसतो. हाताशी फोन असताना तिने पत्र लिहिलं, कारण सासरच्या घरात फोनला चार कान असतात. शिवाय मामा फोनवर ‘हं’च्या पुढे जात नाहीत, बोलतात ते कागदावरच, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

‘मामा,’ तिने लिहिलं होतं, ‘यांना फिट येत होत्या हे तुम्हाला माहीत आहे. गोळ्या सुरू झाल्यापासून एकदाही आलेली नाही. आता सिद्धम्मामावशींनी तुमच्या पेठेतल्या बनय्या अप्पांकडून यांच्या नावाचं झाड घेतलं आहे. यांच्याऐवजी ते झाड पडतं आणि उठतं, असं म्हणतात. सासूबाई रोज म्हणतात, झाड पडतंय तर गोळ्या कशाला? तुम्ही एवढं वाचलं आहे. हे खरं असतं का? तुम्ही सांगाल तसं मी करीन.’

या शेवटच्या वाक्यानेच सगळा घोटाळा केला होता. अण्णा जन्मभर वाचनालयात ग्रंथपाल होते. कुणी मागितलं तर पुस्तक काढून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. आतलं खरं की खोटं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कुणी वार विचारला तरी ते ‘सोमवार, बहुतेक’ असं म्हणणारे. अशा माणसाने कुणाच्या गोळ्यांवर शिक्का कसा मारावा? त्यांनी कागद घेतले. ‘चि. राजेश्वरीस, माझ्या अल्पमतीप्रमाणे बहुतेक…’ इथवर लिहिलं आणि चुरगाळले. मग ठरवलं, आधी डोळ्यांनी बघू.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयात लग्नालासुद्धा जमत नाही एवढी गर्दी दर सोमवारी जमत होती. बाहेर चपलांचा ढीग, आत उकाडा आणि उदबत्तीचा धूर. बाया, बाप्ये, कडेवरची पोरं, बार्शीकडून जीप करून आलेले शेतकरी. भिंतीवर फ्लेक्स होता : ‘पडेल ते उठेल!’ स्टेजवर लाल कापडात बांधलेल्या कुंड्यांच्या ओळी होत्या. प्रत्येक कुंडीवर कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी, आणि एकूण एक झाड मेल्यासारखं पडलेलं. पानं कुंडीच्या काठावरून ओल्या फडक्यासारखी खाली लोंबत होती. पांढऱ्या फुलांनीही माना टाकल्या होत्या.

अण्णांच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या सिद्धम्माही आपली कुंडी कडेवर घेऊन आल्या होत्या. राजेश्वरीचं सासर आणि माहेर यांच्यामधला दुवा म्हणजे या सिद्धम्मा. शिवूची आई गुरम्मा ही त्यांची धाकटी बहीण, आणि राजेश्वरीचं लग्न त्यांनीच जुळवलेलं. कुंडीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘शिवू, दुधनी.’

बनय्या अप्पा आले. अंगावर रेशमी शाल, कपाळावर विभूतीचे पट्टे, कॉलरला माईक.

“हे साधं झाड न्हवं,” अप्पांनी सुरू केलं. “ह्याचं नाव लिंगफणी. फूल बगा. बाहेर काय हाय? नागाचा फणा! फण्याच्या आत काय हाय? बोला की!”

“लिंग!” लोक म्हणाले.

“कुटनं आणलं? हिमालयातनं. हिमालयात कुटनं? जितं नकाशा संपतोय तितनं!” टाळ्या पडल्या. “नेम एकच. ह्याला घरचं पाणी दाखवायचं न्हाय. नळाचं न्हाय, बोरचं न्हाय, बाटलीचं तर न्हायच न्हाय. ह्या सोमवारपासनं त्या सोमवारपतोर हे झाड तुमच्या माणसाचा आजार पिणार. पिऊन पिऊन पडणार. पडलं की रडायचं न्हाय, हसायचं! तुमचं माणूस पडायचं, ते झाड पडलं! मग मी तीर्थ देणार, तुमी भजन देणार, आनि झाड उठणार. आजार कुटं गेला?”

“मातीत!”

मग तीर्थ. आता तीर्थ द्यायची रीत सगळ्यांना ठाऊक असते. तळहातावर पळीभर, ओठ ओले होतील इतकं. अप्पांचे चेले मात्र प्रत्येक कुंडीत अख्खा तांब्या रिचवत होते. बादल्यांवर बादल्या येत होत्या.

“आता डोळे मिटा,” अप्पा म्हणाले. “जो मधेच उघडंल, त्याचं झाड पडून ऱ्हाईल.”

भजन सुरू झालं आणि संपेना. एक संपलं की दुसरं. अण्णांनी डोळे मिटले नाहीत. त्यात धैर्य काही नव्हतं, त्यांच्या नावाचं झाडच तिथे नव्हतं. चपलांजवळच्या खुर्चीवरून ते बघत राहिले. घड्याळाचा काटा सरकताना दिसत नाही पण सरकलेला दिसतो, तसे देठ वर येत होते. एक पान काठावरून सुटलं. मग दुसरं. लोक घामाघूम होऊन टाळ्या वाजवत होते आणि झाडं मुकाट्याने पाणी पीत होती.

“एळु!” अप्पा अचानक कानडीत गरजले. “उठ! एळप्पा, एळु!”

“एळु! एळु!” सगळ्या सभागृहाने आरोळी दिली, डोळे उघडले, आणि समोर झाडं ताठ उभी. सिद्धम्मा पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होत्या. पुढे एका म्हाताऱ्याने स्टेजला डोकं टेकलं.

अण्णांना हे झाड ठाऊक होतं. त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीत हेच झाड होतं. नर्सरीतून आणलेलं, पीस लिली म्हणतात ते. पहिलं त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाणी घालून मायेनेच कुजवलं. दुसरं गॅलरीत सोलापूरच्या उन्हात भाजून मारलं. तेव्हा कुठे त्यांनी पुस्तक काढून वाचलं, की हे पावसाळी जंगलातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं झाड आहे. त्याला उजेड हवा पण ऊन नको. माती भुसभुशीत हवी, हवा दमट हवी. तहान लागली की ते सरळ आडवं पडतं, आणि पाणी मिळालं की थोड्या वेळात उठून बसतं. तिसरं झाड मग न्हाणीघरात जगलं. एवढी साधी गोष्ट, आणि इथे लोक तिच्यापुढे रडत होते!

अण्णा उभे राहिले. का उभे राहिलो, हे उभं राहिल्यावर त्यांना कळेना.

“ही… ही पीस लिली आहे,” ते म्हणाले. “बहुतेक.”

“अण्णांना माईक द्या!” अप्पा प्रेमाने म्हणाले. माईक आला आणि किंचाळला. “बोला अण्णा!”

“ह्याला पाणी मिळालं की ते… म्हणजे पुस्तकात तसं आहे. माझं चुकतही असेल…”

“ऐका, ऐका! अण्णा सोता म्हणतात, चुकतंय!” अप्पांनी दोन्ही हात पसरले. “अण्णा, पुस्तकातलं झाड कागदाचं असतंय. त्याला पाणी घातलं तर भिजंल, उठंल कसं?”

हशा असा उसळला की पंख्यांचा आवाज बुडाला. अण्णा बसले. कान तापले होते. घरी येताना वाटेत त्यांना एकाहून एक फर्मास उत्तरं सुचली, आणि प्रत्येक उत्तरागणिक त्यांची चिडचिड वाढत गेली. अप्पांवर थोडी. लोकांवर जास्त. सगळ्यात जास्त स्वतःवर.

तोंडाने जमत नाही, तर हाताने करून दाखवू, असं त्यांनी ठरवलं. सिद्धम्मांचं झाड दोघांच्या सामाईक गॅलरीत, दाराशेजारच्या कोनाड्यात असे. त्या रोज पहाटे सिद्धेश्वराच्या दर्शनाला जात. त्या जिना उतरल्या की अण्णा तांब्या घेऊन कोनाड्याशी जात आणि चोरासारखे इकडेतिकडे बघत शिवूच्या झाडाला पाणी देत. न्हाणीघरातल्या आपल्या झाडाचं पाणी मात्र त्यांनी तोडलं. बेत सरळ होता. रविवारपर्यंत माझं झाड पडेल, त्यांचं पडणार नाही. त्या विचारतील, ‘अण्णा, असं कसं?’ मग दोन्ही शेजारी ठेवून मी शांतपणे समजावीन. वाक्यंसुद्धा पाठ केली होती.

माणसाला प्रश्न पडेल, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

रविवारी सकाळी सिद्धम्मांची आरोळी आली, “अण्णा! अवो अण्णा! भाईर या की!”

अण्णा पाठ केलेली वाक्यं घोळवत बाहेर आले. कोनाड्यात शिवूचं झाड टवटवीत उभं होतं. सिद्धम्मा त्याच्यापुढे हात जोडून उभ्या होत्या, आणि त्यांच्या कानाला फोन होता.

“गुरम्मा, ऐक! झाड पडलंच न्हाय! दर रविवारी आडवं व्हायचं, आज उभं हाय, उभं! म्हंजी प्यायला आजारच ऱ्हायला न्हाय! … मग काय सांगतेय मी? संपला आजार! … सकाळची गोळी दिली? दिली तर दिली. रात्रीची देऊ नगं. बंद! आजपासनं बंद!”

अण्णांच्या तोंडातली सगळी वाक्यं एकदम निकामी झाली.

“अण्णा, असं काय बगताव? पेढे आणा की!” सिद्धम्मा म्हणाल्या, आणि आनंदाने आत गेल्या.

अण्णा घरात येऊन खाटेवर बसले. त्यांनी झाड उभं ठेवलं, आणि त्यामुळे शिवू पडणार होता. शिवू मोटरसायकल चालवतो. पोत्यांच्या थप्प्यांवर चढतो. त्याची पहिली फिट अण्णांनी स्वतः पाहिली होती, लग्नानंतर जेवायला आला होता तेव्हा. ताट उलटलं होतं, आणि राजेश्वरी त्याचं डोकं मांडीवर धरून ‘मामा, मामा’ म्हणत होती. त्यानंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. अचानक बंद केली तर पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकतं.

पुस्तक उशाशी होतं. त्यात पत्र होतं. वेळेवर चार ओळी लिहिल्या असत्या तर! पण कसल्या ओळी? ‘बहुतेक’च्या? त्यांना स्वतःचा असा राग आला की त्या रागानेच ते उठले. न्हाणीघरातून आपली आडवी पडलेली कुंडी उचलून शेजारच्या दारात गेले.

“सिद्धम्मा, झाड आपोआप उभं राहिलेलं नाही. मी पाणी घातलं. रोज पहाटे. चोरून.”

सिद्धम्मांच्या हातात परात होती. ती तशीच राहिली.

“काय म्हणालाव?”

“मी पाणी घातलं.”

“माझ्या शिवूच्या झाडाला? तुमी?” परात खाली आपटली. “अवो, वय काय तुमचं? हितं नळाला पाणी येतंय चार-पाच दिवसांनी, आमी घागरी मोजून वापरतोय, आनि तुमी दुसऱ्याच्या झाडाला घालून बसलाव! नेम मोडला! आता काय व्हायचं माझ्या पोराचं?”

“नेम मोडला, आणि झाड चांगलं झालं. तेच सांगतोय. हे माझं झाड बघा. आठवडाभर पाणी दिलं नाही, तर हे पडलं. हे कुणाचा आजार प्यालं? न्हाणीघरात मी एकटाच असतो, आणि मला काही झालेलं नाही.”

“हे तुमचं येगळं. नर्सरीतलं. अप्पांचं हिमालयातलं.”

अण्णांनी दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या. सिद्धम्मा वाकल्या. पान पाहिलं. देठ पाहिला. अण्णांच्या झाडाला एकच फूल होतं, मान टाकलेलं. ते त्यांनी बोटाने वर उचललं. पांढरा फणा, आत खडबडीत दांडा. मग अण्णांनी अप्पांच्या कुंडीचं लाल कापड सोडलं. आत काळी प्लॅस्टिकची कुंडी निघाली, अण्णांच्या कुंडीची जुळी बहीण.

“फूल तर तेच हाय. म्हंजी तुमचंबी देवाचंच झाड,” सिद्धम्मा पुटपुटल्या. लगेच सावरल्या. “पन म्हणून काय झालं? अप्पांनीच तुमच्या मनात घातलं आसंल, की पाणी घाल. त्येंची लीला तुमाला काय कळणार!”

आता मात्र अण्णांचा धीर सुटला. पडलं तर अप्पांमुळे, उठलं तर अप्पांमुळे, आणि शेजाऱ्याने चोरून पाणी घातलं तर तेही अप्पांमुळे! अशा भिंतीवर डोकं आपटावं तरी कुठे?

“बरं,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. “मग तुम्हीच सांगा, कुठल्या पाण्याने हे झाड उठणार नाही? उठूच शकणार नाही, असं पाणी सांगा.”

सिद्धम्मा हसल्या. उत्तर त्यांच्या तोंडावरच होतं. “खरकटं! देवाच्या झाडाला उष्टं चालत न्हाय. भांड्याचं पाणी घातलं तर जाग्यावर जळंल.”

मोरीजवळ बादली होती. सिद्धम्मांच्या घरात पाण्याचा थेंबही फुकट जात नसे. भांड्यांचं पहिलं धुवण, साबणाआधीचं, त्या संडासात टाकायला साठवत. वर आमटीचे तवंग आणि भाताची शितं तरंगत होती.

“घाला,” अण्णा म्हणाले. “तुमच्या हाताने. जळालं तर उद्या सगळ्यांसमोर अप्पांचे पाय धरतो, आणि राजेश्वरीला लिहितो, गोळ्या बंद कर.”

बोलून गेल्यावर त्यांना शंका आली. झाड फारच वाळलं असेल तर? मुळंच सुकली असतील तर? पण शब्द गेले होते. सिद्धम्मांनी एकवार ‘शिव शिव’ म्हटलं, डबा बुडवला, आणि अण्णांच्या कुंडीत खरकटं ओतलं. एक शीत पानावर चिकटलं.

“आता?”

“आता भजन नाही. डोळे मिटायचे नाहीत. बसायचं.”

“मी काय बसून ऱ्हाऊ? भाकऱ्या पडल्यात माज्या.”

गॅसची शेगडी आणि झाड दोन्ही दिसतील अशा त्या दारातच बसल्या आणि भाकरी थापू लागल्या. एक थाप भाकरीवर, एक नजर झाडावर. अण्णा उंबऱ्याबाहेर खुर्चीत. बराच वेळ काही झालं नाही. टोपलीत भाकऱ्या साचत गेल्या. “पडलंय की अजून,” सिद्धम्मा म्हणाल्या. अण्णांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, “जळलं तर न्हाय अजून.” नंतर त्या काही बोलल्याच नाहीत. तव्यावर भाकरी करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. चिकटलेलं शीत जमिनीकडे तोंड करून होतं, ते आता भिंतीकडे तोंड करून होतं.

स्वयंपाक आटोपला, पिठाचे हात वाळले, आणि अण्णांचं झाड उभं राहिलं. पानावर उष्टं शीत मिरवत, ताठ. फुलाचीसुद्धा मान वर आली.

सिद्धम्मांनी ते शीत बोटाने काढलं आणि कितीतरी वेळ बोटाकडे बघत राहिल्या.

“अण्णा,” त्या हळूच म्हणाल्या, “मग शिवूला इतके दिस फिट आली न्हाय ती?”

“गोळ्यांनी.”

“आनि मी फोन केला…” त्या एकदम उठल्या. “फोन कुटं ठिवला मी?”

दुधनीहून गुरम्माचा आवाज गॅलरीभर घुमला. “सकाळी म्हणतीस बंद कर, आता म्हणतीस दे! मी कुणाचं ऐकू? झाडाचं का तुझं?” मग तिकडे काही ओढाओढ झाली आणि राजेश्वरी बोलली, “मावशी, मामा आहेत तिथे? द्या.”

सिद्धम्मांनी फोन अण्णांच्या कानाला लावला.

“मामा, रात्रीची गोळी देऊ?”

“दे,” अण्णा म्हणाले. “आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही चुकवू नकोस.”

“मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं, मामा.”

“हं.”

“लिहून पाठवा. इथे बोललेलं टिकत नाही. आज मावशी आहेत, उद्या आणखी कुणी येईल. कागद असला की सगळ्यांना वाचून दाखवता येईल.”

सोमवारी सिद्धम्मा कार्यालयात गेल्या, आणि अण्णांनाही ओढून नेलं. अण्णांनी बरीच कारणं सांगितली. त्यांतलं एकही त्यांनी ऐकलं नाही.

अप्पांनी तांब्याला हात घातला तोच सिद्धम्मा उभ्या राहिल्या. “अप्पा, आज तांब्या ऱ्हाऊ द्या. नुसतं भजन करू या.”

“तीर्थाबिगर कसं व्हईल, आक्का?”

“का हो? आजार भजनानं जातोय का पाण्यानं?”

कुजबुज सुरू झाली. अप्पा गोड हसले. “ह्या माउलीला कुणीतरी शिकवून पाठिवलंय.”

“मी,” अण्णा उभे राहून म्हणाले. “पण झाडाला पाणी यांनी घातलं.”

“कसलं पाणी?” अप्पांचा आवाज चढला.

“खरकटं!” सिद्धम्मा कडाडल्या. “भांडी धुतलेलं! आनि उठलं की झाड, भाकरी व्हईपतोर! अवो लोकांनो, मला याड लागलं हुतं, तुमचं तुमी बगा!”

गदारोळ झाला. एक बाई सिद्धम्मांच्या अंगावर धावून आली, ‘देव बाटवला’ म्हणून. तेवढ्यात मागून वैरागकडच्या मल्लप्पा नावाच्या शेतकऱ्याने मोठ्याने म्हटलं, “अगा, आमच्या मिरचीच्या रोपांचंबी असंच असतंय की! दुपारी माना टाकत्यात, पाणी सोडलं की संध्याकाळी उभी! शेतात कळतंय, आनि हितं आलं की का कळंना आमाला?”

लोक हसले. या वेळी अण्णांना नाही.

“नुसतं भजन! नुसतं भजन!” कुणीतरी सुरू केलं आणि बऱ्याच जणांनी उचललं. अप्पा म्हणाले, जिथं शंका आली तिथं शक्ती थांबत नाही. आणि रेशमी शाल सावरत शक्ती स्वयंपाकघराच्या दाराने निघून गेली. तरी जाताना चार-सहा जणांनी तिच्या पाया पडून घेतलंच. झाडं स्टेजवर तशीच पडून राहिली. शेवटी बाया आपापल्या कुंड्या उचलून घरी न्यायला लागल्या. एकीने अण्णांना दबकत विचारलं, “मग आता ह्याचं काय करायचं?”

“पाणी घाला,” अण्णा म्हणाले. “आणि ज्यांच्या नावाचं आहे, त्यांना दवाखान्यात न्या.”

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. ती कुंडी घेऊन गेली. अप्पा उद्या दुसऱ्या गावी फ्लेक्स लावतील, दुसरं झाड शोधतील, हे अण्णांना दिसत होतं. एवढी धावपळ करून हाती काय लागलं? एक घर. फार तर दोन. ही चिडचिड घेऊनच ते घरी आले आणि टेबलाशी बसले. पुस्तकातलं पत्र काढून समोर ठेवलं.

पहिल्याच ओळीत ‘बहुतेक’ उमटलं. त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

‘चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर केला. तू विचारलंस, हे खरं असतं का. नाही, खरं नसतं. ते झाड तहानेने पडतं आणि पाण्याने उठतं. सिद्धम्मांनी त्याला भांड्यांचं खरकटं पाणी घातलं, तरी उठलं. शिवूला फिट येत नाही ती गोळ्यांमुळे. झाड पडो की उभं राहो, गोळी वेळेवर द्यायची. कमी-जास्त करायची असेल तर डॉक्टर करतील. मी नाही, सासूबाई नाहीत आणि कुणी अप्पाही नाहीत.

सासूबाईंवर रागावू नकोस. लेकाच्या काळजीने माणूस कशालाही हात घालतं. पण पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर डोळे मिटू नका. मिटायला सांगितले तर मुद्दाम उघडे ठेवा. आणि एवढंच विचारा, तो तांब्या बाजूला ठेवला तर काय होतं? ज्याला हा प्रश्न विचारलेला चालत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस द्यायचं नाही.

सिद्धम्मा शिवूचं झाड तुमच्याकडे पाठवणार आहेत. ते झाड निर्दोष आहे, टाकून देऊ नका. खिडकीच्या आत ठेवा, ऊन लागू देऊ नका. मातीत बोट घालून बघा, वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्या. आपलं पाणी जड असतं, म्हणून रात्रभर भरून ठेवलेलं, वरचं वरचं द्या. रोज मायेने ओतू नका, मुळं कुजतात. कुजल्यावरही झाड पडतं, आणि मग पाण्याने उठत नाही. म्हणजे पडणं एकच दिसलं तरी कारणं वेगळी असतात. कारण शोधायचं, मग उपाय करायचा. पानं ओल्या फडक्याने पुसा. सुकलेलं फूल देठापासून कापा. नवं येईल.

ही पत्र सगळ्यांसमोर वाच.

तुझा मामा,
महेश्वर’

वाचून बघताना त्यांना ‘ही पत्र’ दिसलं. जन्मभर पुस्तकांत वावरून ही चूक! नेहमीप्रमाणे कागद चुरगाळायला हात पुढे झाला. मग त्यांनी ‘ही’ खोडून वर ‘हे’ लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

जिना उतरताना सिद्धम्मांनी हटकलं, “कुटं निगालाव?”

“पोस्टात.”

“उन्हाचं? उद्या जावा की.”

“नाही,” अण्णा म्हणाले, आणि टोपी घालून उन्हात उतरले. पोस्टाची खिडकी बंद व्हायच्या आत ते पोचले. कारकुनाने पाकिटावर शिक्का मारला, पावती त्यांच्याकडे सरकवली, आणि पत्र दुधनीच्या थैलीत टाकलं.